ठाणे-नवी मुंबईत पाळणाघर आणि खेळघर सुरू करताना

पाळणाघर काढण्याचा विचार करणारी माणसे बहुधा जागेपासून सुरुवात करतात. तळमजल्यावरचा गाळा कुठे मिळेल, भाडे किती पडेल, अनामत किती द्यावी लागेल, यातच पहिले दोन महिने जातात. माझ्या मते सुरुवात घड्याळापासून करावी. ऐरोलीच्या आयटी कंपनीत नोकरी करणारी आई, तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटेपासून राबणारी मजूर बाई आणि घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत सकाळ-संध्याकाळ चार घरची कामे करणारी बाई, या तिघींनाही मूल सांभाळायला कोणीतरी हवे असते. मात्र तिघींच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. यांपैकी कोणत्या आईच्या वेळेला केंद्र उघडे राहणार, हे ठरल्याशिवाय जागा, माणसे आणि शुल्क यांपैकी कशाचाच हिशेब मांडता येत नाही.

म्हणून ज्या वस्तीत काम करायचे आहे तिथे आधी संध्याकाळी, बायका घरी परतल्यावर, फिरावे. ‘तुम्हाला पाळणाघर हवे आहे का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याला कोणीही ‘हो’ म्हणते आणि त्या होकाराचा काही उपयोग नसतो. त्याऐवजी मूल सध्या कोणाकडे असते, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, त्यापोटी महिन्याला किती पैसे जातात आणि मूल आजारी पडले की रजा कोण घेते, एवढे विचारावे. जवळपास प्रत्येक वस्तीत घरच्या घरी चार-पाच मुले सांभाळणाऱ्या एखाद्या काकू असतातच. त्यांना प्रतिस्पर्धी न मानता आधी त्यांना भेटावे. वस्तीचा विश्वास त्यांच्याकडे आधीपासून असतो आणि पुढे केंद्रासाठी चांगली ताई शोधायची वेळ येते तेव्हा बहुधा त्यांच्याच ओळखीतून ती मिळते.

याच पाहणीत अंगणवाडी आणि पालिकेची शाळा यांच्या वेळाही लिहून घ्याव्यात. अंगणवाडी काही तासच भरते आणि तिथे बसतात ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुले. त्यामुळे तीन वर्षांखालची मुले दिवसभर आणि शाळेत जाणारी मुले शाळा नसलेल्या वेळात या दोन्हींच्या देखरेखीबाहेर राहतात. सकाळपासून लहानग्यांचे पाळणाघर आणि दुपारनंतर त्याच जागेत, वेगळ्या खोलीत, सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे खेळघर अशी जोडणी केली तर एकाच भाड्यात दोन गरजा भागतात.

संस्थेचे स्वरूप

उपक्रम सामाजिक असला तरी त्याला कायदेशीर शरीर लागतेच. सार्वजनिक न्यास करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. ती देणगीदारांना ओळखीची असते, पण विश्वस्त बदलणे किंवा मालमत्तेचा व्यवहार करणे यांत वेळ जातो. शुल्क घेऊन सेवा देणाऱ्या आणि उरलेला पैसा त्याच कामात घालणाऱ्या उपक्रमाला कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम ८ ची कंपनी अधिक सोयीची पडते. तिला सभासदांमध्ये लाभांश वाटता येत नाही. तिसरी वाट सहकारी संस्थेची आहे आणि ती फारशी कोणी धरत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. अहमदाबादेत ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या कष्टकरी बायकांच्या संघटनेशी जोडलेल्या ‘संगिनी’ या सहकारी संस्थेत मुले सांभाळणाऱ्या बायकाच सभासद आहेत. कोपरखैरणे किंवा कळवा यांसारख्या भागात बचत गटांचा अनुभव असलेल्या बायका एकत्र येणार असतील तर या वाटेचा विचार जरूर करावा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीवर आरंभीच्या अंदाजपत्रकात भिस्त ठेवू नये. तो मिळण्यासाठी संस्थेची नोंदणी, आयकराच्या सवलतीची प्रमाणपत्रे आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. कंपन्यांकडून पैसा यायचा तर तो वेगळ्या दाराने यावा, असे मी सुचवीन. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हे बंधन आहे आणि स्वयंसेवी संस्थेचे किंवा अनेक आस्थापनांचे सामाईक पाळणाघर वापरण्याची मुभा त्यात स्पष्टपणे दिलेली आहे. वागळे इस्टेट किंवा रबाळे येथील साठ-सत्तर माणसांच्या कारखान्याला स्वतःचे पाळणाघर चालवणे परवडत नाही. अशा चार-पाच मालकांना तुमच्या केंद्रातल्या जागा वर्षभराच्या कराराने घ्यायला सांगता येते. हा पैसा सेवेचा मोबदला म्हणून येतो, त्यामुळे देणगीपेक्षा तो अधिक भरवशाचा असतो.

जागा आणि परवानग्या

मातृत्व लाभ कायद्याखालील पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा, शक्यतो तळमजला आणि कामाच्या ठिकाणापासून साधारण ५०० मीटरच्या आतले अंतर सांगितले आहे. त्यातली बारा चौरस फुटांची मर्यादा मला अपुरी वाटते. रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना याच्या दुप्पट मोकळी जमीन मिळाली तरच एकमेकांवर पडणे आणि चावे घेणे कमी होते. स्वयंपाकघर, मुलांच्या उंचीचे संडास आणि आजारी मुलाला वेगळे झोपवण्याचा कोपरा हे सगळे या मोजमापाच्या बाहेर धरावे.

नवी मुंबईत बरीचशी जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, म्हणून करारात त्या जागेचा वापर काय लिहिला आहे ते आधी वाचावे आणि सोसायटीचे ना हरकत पत्र लेखी घ्यावे. घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या गावठाणात भाडे कमी असते, परंतु तिथल्या अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली पालिकेची परवानगी, नसते. ते नसेल तर अग्निसुरक्षेपासून विम्यापर्यंत प्रत्येक कागद अडतो, म्हणून भाड्यातली बचत पाहून अशी जागा घेऊ नये. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. मागचे प्रमाणपत्र घरमालकाकडून मागून पाहिले तर इमारतीची खरी अवस्था कळते. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद आणि जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी ही कामे तुलनेने सोपी आहेत.

हिशेब

पाळणाघराचा खर्च मुख्यतः माणसांचा असतो. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वीस मुलांमागे एक सेविका, सोबत मदतनीस, हे किमान प्रमाण आहे. लहानग्यांसाठी मी सहा मुलांमागे एक ताई असे प्रमाण धरतो, कारण एकीने दुधाची वाटी भरवायला घेतली की उरलेल्या नऊ जणांकडे पाहणारे कोणी राहत नाही. त्यातच केंद्र सकाळी आठ ते रात्री आठ उघडे ठेवायचे तर पाळ्या लावाव्या लागतात.

तीस मुलांच्या केंद्राचे एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या वस्तीप्रमाणे ते बदलतील. पाच ताया प्रत्येकी १८,००० रुपये, तीन मावश्या प्रत्येकी १५,००० आणि एक समन्वयक २५,००० मिळून पगार १,६०,००० होतात. त्यात भाडे ३५,०००, रोज ४५ रुपयांप्रमाणे पंचवीस दिवसांचा आहार ३३,७५०, बोनस, रजा आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी बाजूला ठेवायचे २०,००० आणि वीज, साफसफाई, खेळसाहित्य व विमा यांचे ११,२५० मिळवले की महिन्याचा खर्च २,६०,००० होतो. पूर्ण शुल्क देणारी चौदा मुले १०,५०० रुपयांप्रमाणे, कंपन्यांच्या करारातली सहा १२,००० प्रमाणे आणि सवलतीची दहा २,००० प्रमाणे धरली तर जमा २,३९,००० येते. राहिलेली २१,००० ची तूट कोण भरणार, हे नावानिशी ठरलेले असावे. पूर्ण शुल्काच्या फक्त दोन जागा रिकाम्या राहिल्या तरी ही तूट जवळजवळ दुप्पट होते, कारण मूल आले नाही म्हणून ताईचा पगार किंवा गाळ्याचे भाडे कमी होत नाही.

तूट भरून काढण्यासाठी तायांचे पगार कापण्याचा मोह होतो आणि तिथूनच केंद्र ढासळू लागते. किमान वेतनाखाली राबवलेली ताई चार महिन्यांत सोडून जाते, आणि दर चार महिन्यांनी नवा चेहरा पाहणारे दीड वर्षांचे मूल सकाळी दारात रडते. सवलतीच्या मुलांची वेगळी तुकडी करणेही टाळावे. शुल्क कोण किती भरते हे फक्त समन्वयकाला माहीत असावे. खोली, ताट आणि झोपायची गादी सर्वांना सारखीच असावी.

खेळ, आहार आणि सुरक्षितता

खेळासाठी रंगीत प्लास्टिकची महागडी घसरगुंडी लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला नेले. तिथे शंख-शिंपले, बिया, पाने आणि दगड हेच शिक्षणाचे साहित्य होते. आजही वाळूचा हौद, मातीचा गोळा, पाण्याचे घंगाळ, रिकामे डबे, दोऱ्या, जुन्या साड्या आणि भातुकली एवढ्यावर लहानांचा दिवस सहज रंगतो. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांजवळ तोंडात मावतील अशा बिया आणि मणी ठेवू नयेत. मोठ्या मुलांना लगोरी, लंगडी, सागरगोटे, डबा ऐसपैस यांसाठी मोकळी वेळ द्यावी आणि तिचे वेळापत्रक करून गृहपाठाचा वर्ग बनवू नये. पालक त्यासाठी आग्रह धरतात, तेव्हा शाळेचा अभ्यास आणि खेळ यांची वेगवेगळी अर्धी-अर्धी वेळ ठरवून द्यावी. जून ते सप्टेंबर अंगण वापरता येत नाही, म्हणून आत धावण्याइतकी एक खोली रिकामी ठेवणे आणि ओल धरणाऱ्या गाद्या वरचेवर बदलणे हे आधीच धरावे.

आहारात नाचणीचे सत्त्व, मुगाची खिचडी, वरणभात, मऊ शिजवलेली उसळ, केळे हे पुरेसे आहे. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे लहानांना देऊ नयेत आणि वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, घरातल्या आजीने सांगितले असले तरीही.

मुलाला न्यायला कोण येऊ शकते त्यांची नावे आणि छायाचित्रे प्रवेशाच्या वेळीच घ्यावीत. ‘मी तिचा मामा आहे’ एवढ्यावर मूल कोणाच्या हाती देऊ नये. प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झालेले असावे, आणि कोणत्याही प्रौढाने मुलाबरोबर बंद दारामागे एकटे राहू नये, हा नियम संचालकांनाही लागू असावा. अत्याचाराचा संशय आला तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेचे नाव जपण्यासाठी ते आत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक दाराजवळ लावलेले असावेत.

उशिरा येणाऱ्या पालकांसाठी अर्ध्या तासाची सवलत आणि त्यानंतर ठरावीक जादा शुल्क असावे. मात्र लोकल बंद पडलेल्या दिवशी ते कोणालाही लावू नये आणि त्या रात्री थांबणाऱ्या ताईला जादा मोबदला नक्की द्यावा. शुल्क महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घ्यावे आणि मूल काढून घेण्यापूर्वी एक महिन्याची सूचना करारात लिहून घ्यावी.

पहिल्या दिवशी तीस मुले घेऊ नयेत. आठ-दहा मुलांपासून आरंभ करून दर महिन्याला चार-पाच वाढवावीत, म्हणजे प्रत्येक मुलाला आईसोबत पहिले काही दिवस रुळायला वेळ मिळतो. अर्थात या काळात जमा कमी आणि खर्च जवळपास पूर्ण असतो, म्हणून किमान सहा महिन्यांच्या पगाराची आणि भाड्याची रक्कम हाती असल्याशिवाय पाळणाघर उघडू नये. तेवढी रक्कम नसेल तर आधी फक्त दुपारचे खेळघर चालवावे. त्याला दोन ताया आणि एखाद्या मंडळाचे किंवा सोसायटीचे सभागृह पुरते, आणि त्यातून वस्तीतल्या आयांशी ओळख वाढली की लहानग्यांच्या जागा भरायला फार काळ लागत नाही.