नळाच्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिक मोजताना या चुका टाळा

प्रकल्पाचे दिवस आले की कोणीतरी विद्यार्थी घरच्या नळाचे पाणी गाळून “सर, लिटरमागे प्लास्टिकचे चाळीस बारीक कण सापडले” असे सांगत येतो, आणि मी दरवर्षी एकच प्रश्न विचारतो: ब्लँकमध्ये, म्हणजे नमुन्यासारख्याच गाळलेल्या शुद्ध पाण्यात, किती सापडले? बहुतेक वेळा ब्लँक केलेलाच नसतो.

काही वर्षांपूर्वी एकाने कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या नळाच्या पाण्यातील निळे तंतू मोजून तक्ते भरले होते आणि घरच्यांना नळाचे पाणी बंदही करायला लावले होते. फुटबॉलचा हंगाम होता आणि हा गडी पेठेच्या संघाची निळी पॉलिएस्टर जर्सी घालूनच गाळायला बसत असे. मी त्याच्या टेबलावर कोरा ओला फिल्टर तासभर उघडा ठेवायला लावला. मायक्रोस्कोपखाली तेच निळे तंतू निघाले. तीन आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून माझ्याकडे सुती एप्रनशिवाय कोणी गाळत नाही, काचेची भांडी गाळलेल्या पाण्याने तीनदा विसळून लगेच फॉइलने झाकली जातात, आणि प्रत्येक खेपेला शुद्ध पाण्याचे तीन ब्लँक नमुन्याइतक्याच काळजीने गाळले जातात.

दुसरी चूक उतावळेपणाची. शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यात मोठे कण मुळातच विरळ असतात, त्यामुळे एका लिटरात दोन कण आणि ब्लँकमध्येही दोन सापडले, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. युरोपीय महासंघाने 2024 मध्ये ठरवलेल्या पद्धतीत किमान 1000 लिटर पाणी गाळावे लागते. आमच्याने तेवढे होत नाही, पण नळाला स्टीलचा फिल्टर होल्डर जोडून 100 लिटर तरी गाळावे, असा माझा आग्रह असतो. मिनिटाला दोन लिटर धरले तर पन्नास मिनिटे लागतात. तेवढा वेळ नळापाशी उभे राहण्याची तयारी नसेल, तर विषय बदललेला बरा.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत आणू नये, हे अजूनही सांगावे लागते. प्लास्टिकचे कण चमकावेत म्हणून वापरला जाणारा नाईल रेड हा रंग नैसर्गिक स्निग्ध पदार्थांनाही रंगवतो, म्हणून चमकणारा प्रत्येक ठिपका प्लास्टिक समजू नये. नायट्राइल ग्लोव्हजवरील स्टिअरेटचा (साबणासारख्या पदार्थाचा) अंश, कण कशाचा आहे हे ओळखण्यासाठी घेतलेल्या इन्फ्रारेड वर्णपटात, पॉलिथिलीन या प्लास्टिकसारखा दिसतो. आणि किती मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पाहिले, हे न लिहिलेला तक्ता मी न वाचताच परत करतो.