लघवीची तपासणी: या चुका टाळा (निम्म्या तर बाटलीतच होतात)

सकाळी साडेदहाला एक काका येतात, पिशवीतून बाटली काढून काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "पहाटे पाचची आहे, एकदम फ्रेश." महिना मे, त्यात तासभर एसटीचा प्रवास. झाकण उघडलं की अमोनियाचा भपकारा येतो. मी म्हणते, "काका, दुसरी द्या." काका म्हणतात, "आता कुठून देऊ?" आमच्या लॅबमध्ये हा संवाद आठवड्यातून दोनदा तरी होतोच.

साडेपाच तासांत त्या बाटलीत काय काय होतं ते सांगते. जंतू युरिया फोडून अमोनिया करतात आणि लघवी अल्कधर्मी होते. तशा लघवीत तांबड्या पेशी आणि कास्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या नळ्यांत तयार होणारे साच्यासारखे तुकडे, विरघळून जातात, म्हणजे जे शोधायचं तेच गायब. साखर असलीच तर जंतू ती खाऊन टाकतात आणि स्वतः मात्र वाढत जातात. मग रिपोर्टमध्ये जंतू भरपूर आणि पेशंटला काहीच त्रास नाही! सॅम्पल दोन तासांच्या आत लॅबमध्ये यायला हवं. जमत नसेल तर 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवा. दुधाशेजारी नको म्हणून सासूबाई ओरडतील, तर दोन पिशव्यांत गुंडाळा. माझी सवय अशी की फ्रिजमधलं सॅम्पल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय स्ट्रिप, म्हणजे रंग बदलणारे छोटे पॅड चिकटवलेली पट्टी, बुडवायची नाही. गार लघवीत क्षार साचून ती उगाच गढूळ दिसते आणि साखरेच्या पॅडमधली एन्झाइम्स थंडीत आळसावतात.

बाटली कसली आहे ते विचारा

ही चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून जरा लांबवून सांगते.

पावसाळ्याचे दिवस होते. एका काकूंचं सॅम्पल आलं, प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत. स्ट्रिपवर साखर तीन प्लस, म्हणजे भरपूर, रक्तही दोन प्लस. मायक्रोस्कोपखाली तांबडी पेशी औषधालाही नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण बाहेर पंधरा माणसं ताटकळत होती, रिपोर्ट गेला. काकूंनी त्याच दिवसापासून भात सोडला, आंब्याच्या वडीचा डबा सुनेच्या स्वाधीन केला आणि रडत बसल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला: उपाशीपोटीची रक्तशर्करा 92 आहे, तुमच्या लघवीत साखर कुठून आली?

प्रश्न रास्त होता. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात. गाळताना साखरही खाली येते, पण नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांच्या, नळ्या ती जवळपास सगळी उचलून रक्तात परत टाकतात. रक्तातली साखर 180 च्या आसपास गेली की नळ्यांचे हात अपुरे पडतात आणि उरलेली लघवीत उतरते. 92 ला उतरली असेल तर एकतर नळ्यांत दोष, नाहीतर आमच्यात.

काकूंना बोलावलं, तर पुन्हा तशीच बाटली घेऊन हजर. मी सरळ नाक लावलं. पोहण्याच्या तलावाचा वास! पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात टाकायला क्लोरीनचं द्रावण वाटतात ना, त्याची ती रिकामी बाटली. एकदा विसळली की झालं, असं काकूंचं म्हणणं. स्ट्रिपवरच्या साखरेच्या आणि रक्ताच्या पॅडचा रंग ऑक्सिडेशनने बदलतो. क्लोरीन किंवा ब्लीचिंगचा अंश असला की दोन्ही पॅड खोटंच "आहे" म्हणतात. मी कपाटातून बेनेडिक्टची, म्हणजे साखर तपासायच्या जुन्या निळ्या द्रावणाची, बाटली काढली, 5 मिली द्रावणात आठ थेंब लघवी टाकून उकळली. रंग निळाच राहिला. साखर असती तर हिरवा, पिवळा, अगदी विटकरीपर्यंत गेला असता. लॅबच्या डबीत नवीन सॅम्पल घेतलं, तर स्ट्रिपही कोरी. त्या संध्याकाळी काकूंनी भात खाल्ला. मी मात्र दोन दिवस डॉक्टरांचा फोन उचलताना दबकत होते.

तेव्हापासून घरची बाटली मी घेत नाही. खोकल्याच्या औषधाची नाही, लोणच्याची नाही, "गरम पाण्याने धुतलीये हो ताई" वालीही नाही. पाच रुपयांच्या डबीसाठी हुज्जत घालणाऱ्यांना ही गोष्ट ऐकवते. आणि बेनेडिक्ट जुनाट झालं म्हणून नाक मुरडणाऱ्या नव्या पोरांनाही.

मधली धार

"मिडस्ट्रीम द्या" असं सांगून डबी हातात ठेवणं म्हणजे काहीच न सांगणं. मी सांगते: आधी साध्या पाण्याने जागा धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. पहिली धार मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेले जंतू आणि पेशी धुऊन आणते. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, तोही योनीला लागून, त्यामुळे त्यांच्या सॅम्पलमध्ये बाहेरची भेसळ लवकर होते. मायक्रोस्कोपखाली मोठ्या चपट्या एपिथेलियल पेशींचा, म्हणजे बाहेरच्या अस्तरातून गळलेल्या पेशींचा, सडा दिसला की पस सेल्स, म्हणजे पूच्या पांढऱ्या पेशी, मोजत बसू नका, सॅम्पल परत मागा. पाळी चालू आहे का हे विचारायला लाजू नका. न विचारता "रक्त तीन प्लस" लिहून मोकळं होणं जास्त लाजिरवाणं आहे.

स्ट्रिपला घड्याळ लागतं

शिकायला येणारी पोरं स्ट्रिप बुडवतात, मोबाईल बघतात, मग स्ट्रिपच्या डबीवरच्या रंगांशी दहाच्या दहा पॅड एका नजरेत जुळवून मोकळी होतात. बहुतेक डब्यांवर वेळ छापलेली असते: साखर 30 सेकंद, कीटोन 40, प्रोटीन आणि रक्त 60, ल्युकोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशी 120. दोन मिनिटांनंतर चढलेला रंग धरायचाच नाही. एकाने स्ट्रिप टिश्यूवर ठेवली, चहा पिऊन आला आणि मग वाचली. गरोदर बाईच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन दोन प्लस! मी नवीन स्ट्रिप लावून साठ सेकंदांना वाचली, तर निव्वळ ट्रेस, म्हणजे नावापुरतं. "मॅडम, मशीन घ्या ना," हे त्याचं उत्तर. मशीनही घड्याळ लावूनच वाचतं, बाळा.

बुडवायची ती क्षणभर, आणि काढताना कडा सॅम्पलच्या डबीच्या काठाला टेकवायची. मग आडवी धरायची. उभी धरली तर प्रोटीनच्या पॅडमधलं आम्ल शेजारच्या पीएचच्या पॅडवर ओघळतं. पैसे वाचवायला स्ट्रिप उभी कापून दोन करणारे महाभागही मी पाहिलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे स्वतःची तपासणी करत नाही.

स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावा. एका जुलैत आमच्याकडे आठवडाभर प्रत्येकाचं नायट्राइट, म्हणजे जंतूंची खूण दाखवणारं पॅड, पॉझिटिव्ह येत होतं. गावात साथ आली की काय? शेवटी नळाच्या पाण्यात स्ट्रिप बुडवली, पॅड तरीही गुलाबी. कोणीतरी रोज डबी उघडी टाकून जेवायला जात होतं. आता दर सोमवारी एक स्ट्रिप साध्या पाण्याला खर्च करते. आणि नायट्राइट निगेटिव्ह म्हणजे इन्फेक्शन नाही, असं समजू नका. लघवी मूत्राशयात चारेक तास तुंबलेली असावी लागते, आणि काही जंतू नायट्राइट तयारच करत नाहीत.

चोवीस तासांचा कॅन

काही तपासण्यांना दिवस-रात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये लागते. सकाळी सातला पहिली लघवी बाहेर टाकायची, तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या दिवशी सातची मात्र कॅनमध्ये. हे उलटं करणारे निम्मे. एका आजोबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "रात्री एकदा सांडली, म्हणून तेवढं पाणी ओतलं." त्यात मोजायचं ते क्रिएटिनिन, स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, नळाच्या पाण्यात नसतं, आजोबा. सांडलं तर सांगा, पुन्हा सुरू करू.

बाकीच्या, पटकन

सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या मशीनमध्ये, समोरासमोर सारख्या वजनाच्या ट्यूब ठेवा, 1500 ते 2000 आरपीएम, पाच मिनिटं. मशीन थरथरायला लागलं की पळत येऊन झाकण दाबून धरणं हा उपाय नव्हे.

लघवी बघताना मायक्रोस्कोपचा कंडेन्सर, म्हणजे खालचं उजेड एकवटणारं भिंग, खाली घ्या, उजेड कमी करा. झगझगीत उजेडात हायलाइन म्हणजे काचेसारख्या पारदर्शक कास्ट दिसतच नाहीत, आणि मग "कास्ट: निल".

बीट खाल्लं होतं का, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय लाल-केशरी रंगाला घाबरू नका. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचंही विचारा, त्या उलट खोड करतात: असलेलं रक्त आणि साखर लपवतात.

तपासणीआधी तीन लिटर पाणी ढोसू नका. लघवी इतकी पातळ होते की सापडायचं तेही सापडत नाही.

मूत्रवाहिनी दोन असतात, मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या, प्रत्येकी 25 ते 30 सेंटिमीटर. मूत्रमार्ग एकच, मूत्राशयातून बाहेर जाणारा. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षालाही ही अदलाबदल होते आणि मग "मूत्रमार्गात खडा" वाचून पेशंट भलतीकडेच हात लावून बघतो.

नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नाही. दोन झाकणं एकदम उघडली की कोणतं कुणाचं, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.