परदेशी स्थायिक होताना विम्याची आखणी कशी करावी

परदेशात स्थायिक व्हायला निघालेल्या पुण्यातल्या बऱ्याच कुटुंबांची तयारी मी जवळून पाहिली आहे. घर भाड्याने देण्याचा करार, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गाडीची विक्री, अगदी गोडा मसाला किती किलो न्यायचा इथपर्यंत सगळ्याची यादी महिनाभर आधी तयार असते, विमा मात्र तिकिटे काढून देणाऱ्या एजंटाने "इन्शुरन्स टाकू का?" असे विचारले की आठवतो आणि "टाका" एवढ्या उत्तरावर तो विषय संपतो. स्थलांतर करणाऱ्याला वास्तविक तीन वेगळे विमे सांभाळायचे असतात. पहिला प्रवासाचा आणि पोहोचल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांचा, दुसरा नव्या देशातला कायमचा आरोग्य विमा आणि तिसरा इथे भारतात चालू असलेला मेडिक्लेम. हे तिन्ही घेतले तरी एकाची मुदत संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत जे दिवस मध्येच मोकळे राहतात, तिथेच माणूस अडचणीत येतो. म्हणून विमा कंपनी निवडण्याआधी तारखा मांडाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आधी कॅलेंडर, मग पॉलिसी

माझ्या भाचीच्या नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी मिळाली, तेव्हा आम्ही कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलावर कालनिर्णयची ऑगस्ट ते ऑक्टोबरची पाने उलगडून पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. हिंजवडीतल्या कंपनीतला त्याचा शेवटचा दिवस २९ ऑगस्ट होता आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम त्याच दिवशी संपणार होता. विमान १४ सप्टेंबरचे आणि तिकडची नोकरी १ ऑक्टोबरपासून. जर्मनीत नोकरदाराचा वैधानिक, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेला सार्वजनिक, आरोग्य विमा नोकरी सुरू होते त्या दिवसापासून लागू होतो. म्हणजे पुण्यातले १५ दिवस आणि म्युनिकमधले १७ दिवस, असे एकूण ३२ दिवस चार वर्षांच्या मुलासह ते तिघेही कोणत्याच छत्राखाली नव्हते. त्याचे आईवडील त्याच ग्रुप पॉलिसीत होते. त्यांची रेघ २९ ऑगस्टला संपत होती आणि पुढे पानावर काहीच नव्हते.

आपणही असेच करावे. घरातल्या प्रत्येक माणसासाठी वेगळी रेघ ओढावी, कारण पतीपत्नी एकाच विमानाने जातातच असे नाही आणि मागाहून येणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसासाठी त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासूनचा विमा वेगळा दाखवावा लागतो.

पुण्यातल्या मोकळ्या दिवसांसाठी राजीनामा दिल्यावर नवी पॉलिसी घेऊ, असे अनेक जण म्हणतात. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले ३० दिवस प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे त्या काळात दावा मिळत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात घेतलेली पॉलिसी नेमक्या त्या दिवसांत उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर (सगळ्या कुटुंबासाठी एकच रक्कम असलेल्या) पॉलिसीत स्थलांतर मागावे. त्यात पूर्वी भरलेल्या वर्षांचे श्रेय पुढे चालू राहते. हा अर्ज नोटीस पीरियड चालू असतानाच, निदान दीड महिना आधी, कंपनीच्या एचआर विभागामार्फत लेखी द्यावा. नोकरीचा शेवटचा दिवस उलटला की तो मार्ग फार अवघड होतो.

प्रवासाची पॉलिसी

भारतातून घेतलेली ट्रॅव्हल पॉलिसी निघण्याआधीच घ्यावी लागते. विमान सुटल्यावर ती मिळत नाही. एका सहलीची पॉलिसी साधारण १८० दिवसांपर्यंतची असते आणि ती परतणाऱ्या प्रवाशासाठी आखलेली असते. स्थायिक व्हायला जाणाऱ्याने "माझे तिकीट एकेरी आहे आणि मी नोकरीच्या व्हिसावर जात आहे, तरी ही पॉलिसी लागू राहील का?" हा प्रश्न विमा कंपनीला ईमेलने विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. एजंटाने फोनवर दिलेला होकार दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

शेंगेन, म्हणजे एकाच सामायिक व्हिसाने फिरता येणाऱ्या युरोपीय, देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय छत्र आवश्यक आहे. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील दाखला आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च हे सर्व यावे लागते. नोकरीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला मात्र वैधानिक विमा सुरू होईपर्यंतचे छत्र दाखवावे लागते, आणि त्यासाठी जर्मनीत नव्याने येणाऱ्यांसाठी असणारी खास अल्पमुदतीची पॉलिसी मिळते. भाचीने तीच घेतली. नोकरीची तारीख लांबली तर अडचण नको म्हणून १७ दिवसांऐवजी दोन महिन्यांची घेतली, हा मला शहाणपणाचा निर्णय वाटला.

सामान हरवणे, विमान चुकणे, पासपोर्ट गहाळ होणे ही कलमे बहुतेक पॉलिसींत असतात आणि त्यांच्या रकमा लहान असतात. त्यांची तुलना करत बसण्यापेक्षा वैद्यकीय कलमे दोनदा वाचावीत.

"तसा आजार काही नाही"

विम्याचा अर्ज भरताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: "बीपीची गोळी चालू आहे, पण तसा आजार काही नाही." विमा कंपनीच्या दृष्टीने रोजची गोळी म्हणजे पूर्वीपासूनचा आजार. तो अर्जात लिहिला नाही आणि परदेशात छातीत दुखून दाखल व्हावे लागले, तर तिथले डॉक्टर पहिल्याच कागदावर रुग्णाच्या तोंडून कळलेला इतिहास नोंदवतात आणि तोच कागद दाव्यासोबत कंपनीकडे जातो. लपवलेली माहिती त्या एका ओळीत उघडी पडते. मधुमेह, थायरॉइड, दमा, पूर्वीची अँजिओप्लास्टी, सगळे लिहावे; हप्ता वाढला तर वाढू द्यावा.

बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसी पूर्वीच्या आजारावर केवळ जीव वाचवण्यापुरते तातडीचे उपचार देतात. म्हणून निघण्याआधी दातांची कामे, चष्म्याचा नंबर, रक्ताच्या तपासण्या पुण्यातच उरकून घ्याव्यात. आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्यावे आणि त्यात औषधाचे ब्रँडचे नाव न लिहिता मूळ नाव व मात्रा लिहून मागावी, कारण आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ज्या नावाने गोळी मिळते ते नाव तिकडच्या औषधविक्रेत्याने कधी ऐकलेले नसते. जुने डिस्चार्ज कार्ड, मुलांचे लसीकरणाचे कार्ड आणि हे पत्र हातातल्या बॅगेत ठेवावे.

नव्या देशातला विमा

प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे आणि एका देशातल्या नातेवाइकाचा सल्ला दुसऱ्या देशात चालत नाही.

जर्मनीत आरोग्य विमा सर्वांना बंधनकारक आहे. वैधानिक विम्याचा मूळ हप्ता पगाराच्या १४.६ टक्के असून त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा थोडा अतिरिक्त हप्ता असतो आणि यातला निम्मा भार मालक उचलतो. ज्यांना स्वतःचे उत्पन्न नाही असे पती किंवा पत्नी आणि मुले वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतात. आईवडील येत नाहीत. ठरावीक पगाराच्या वर, २०२५ मध्ये ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती, खासगी विमा घेता येतो. तरुण आणि एकट्या माणसाला तो स्वस्त दिसतो, पण त्यात कुटुंबातल्या प्रत्येकाचा हप्ता वेगळा पडतो आणि वैधानिक विम्यात परतणे कठीण, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर तर जवळजवळ अशक्य असते. मुलाबाळांसह जाणाऱ्याने सुरुवात वैधानिक विम्यानेच करावी, असे मी आवर्जून सांगेन.

ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जासोबतच सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व १८ वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड आहे. पतीपत्नी आणि एक मूल तीन वर्षांसाठी निघाले तर हा आकडा ८,५३८ पौंडांवर जातो आणि तो एकरकमी आगाऊ भरायचा असतो, त्यामुळे नोकरीची ऑफर स्वीकारतानाच मालक तो भरणार का, हे विचारून घ्यावे. आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांच्या खास व्हिसाला हा अधिभार लागत नाही. पैसे भरले म्हणून घराजवळच्या डॉक्टरकडे आपोआप नाव लागत नाही. पत्ता मिळताच नोंदणी करावी. प्रवासातल्या अडचणी या अधिभारात येत नाहीत.

कॅनडात आरोग्य विमा प्रांताप्रांतानुसार बदलतो. आँटॅरियोने तीन महिन्यांची प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली, तर ब्रिटिश कोलंबियात पोहोचलेल्या महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचे दोन महिने थांबावे लागते. तिथे ५ जूनला उतरलेल्या कुटुंबाला १ सप्टेंबरपासून छत्र मिळते. मधल्या काळासाठी खासगी पॉलिसी घ्यावी आणि ती उतरल्याच्या दिवसापासून सुरू होईल अशी आधीच घ्यावी, कारण पोहोचल्यानंतर घेतलेल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये आजारपणासाठी काही दिवसांची प्रतीक्षा असते.

अमेरिकेत विमा मुख्यतः नोकरीतून येतो. मालकाला पात्र कर्मचाऱ्याला ९० दिवसांपेक्षा जास्त काळ विम्यासाठी थांबवून ठेवता येत नाही, पण ९० दिवसही फार असतात. ऑफर लेटर हाती येताच विमा पहिल्या दिवसापासून आहे की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, हे लेखी विचारावे. नोंदणीसाठी बहुधा ३० दिवस मिळतात आणि ते चुकले तर वर्षअखेरची खिडकी उघडेपर्यंत थांबावे लागू शकते. हप्त्यासोबत डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम, आणि वर्षभरात आपल्यावर पडू शकणारा कमाल खर्च हे दोन आकडे पाहावेत.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना संपूर्ण मुक्कामाचा विमा आधी दाखवावा लागतो, तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर स्वतःचा खासगी विमा चालू ठेवावा लागतो आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मिळतो. आखाती देशांत दुबई आणि अबू धाबीत विमा देणे मालकावर बंधनकारक आहे. ज्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या परवानगीची) तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते, म्हणजे प्रामुख्याने दहावी न झालेले कामगार, त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. तिचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीन वर्षांना ३७५ रुपये असून अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे छत्र मिळते.

मागे राहिलेला मेडिक्लेम

"आता तिकडेच राहायचे, मग इथला हप्ता कशाला?" असे म्हणून बंद केलेली पॉलिसी पुढे फार महाग पडते. विमा नियामकाच्या एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार पूर्वीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पॉलिसी बंद पडली की हे दोन्ही मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू होते. परदेशात स्थायिक झालेला माणूस भारतातली पॉलिसी चालू ठेवू शकतो. उपचार मात्र साधारणपणे भारतातच घ्यावे लागतात. परत येण्याची थोडीही शक्यता असेल, तर ती जिवंत ठेवावी.

ती नकळत बंद पडू नये यासाठी निघण्याच्या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. अनिवासी झाल्यावर आपले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात बदलावे लागते आणि त्या वेळी हप्त्याचा ऑटो डेबिट तुटू शकतो, म्हणून नव्या खात्यावरून तो पुन्हा जोडावा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, पण ती उलटल्याचे परदेशात वेळेवर कळत नाही. पॉलिसीवरचा मोबाइल नंबरही बदलावा, कारण इथले सिम बंद झाले की ओटीपी कुणालाच मिळत नाही.

आईवडिलांच्या बाबतीत हे आणखी जपून करावे लागते. एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा राहिलेली नाही, त्यामुळे ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या आईवडिलांना आता स्वतःच्या नावाने पॉलिसी घेता येते आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर नारायण पेठेतल्या विमा लोकपालांच्या कार्यालयात जावे. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.

आईवडील परदेशात आपल्याकडे राहायला येतील तेव्हाचा विमा वेगळा. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी, म्हणजे आईवडिलांच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसासाठी, किमान १,००,००० डॉलरचे आणि निदान एक वर्षाचे छत्र लागते. अमेरिकेसाठी प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या स्वस्त पॉलिसी टाळून खर्चाच्या प्रमाणात पैसे देणारी पॉलिसी घ्यावी.

भाचीच्या सासूसासऱ्यांची पॉलिसी शेवटी त्यांच्याच नावावर झाली. तिच्या कार्डाची एक प्रत फ्रिजवर चिकटवली आहे आणि दुसरी शेजारच्या काकूंकडे दिली आहे, कारण रात्री अपरात्री रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीपाशी पॉलिसी नंबर सांगायला म्युनिकमधला मुलगा लागलीच फोन उचलू शकेलच असे नाही.