पावसाच्या उघडिपीत म्हशी-शेळ्यांना ऊन कसं द्यावं

जुलै-ऑगस्टमधली उघडीप मुंबईत कधी दोन दिवस टिकते, कधी दोन तास. त्यामुळे गोरेगावच्या आरेतला तबेला असो की पाड्यावरचं चार शेळ्यांचं खोपट, ऊन दिसताक्षणी दावी सोडायचा मोह होतो. तो आवरा. आधी जमीन बघायची, मग जनावर सोडायचं.

कोबा वरून सुकलेला दिसतो, पण शेवाळाची साय तशीच असते. गमबुटाची टाच दाबून घासून बघा. तुमची सरकली तर म्हशीचीही सरकणार. आठ दिवस एका जागी बांधलेलं जनावर सुटल्यावर पहिली दहा मिनिटं उधळतं. पाचशे किलोची मुऱ्हा घसरून मागचे पाय फाकले की मांडीचे स्नायू फाटतात, आणि अशी म्हैस पुष्कळदा पुन्हा उभीच राहत नाही. ताठ खराट्याने शेवाळ खरवडा आणि जायच्या वाटेवर वाळू किंवा राख टाका. शेणपाण्याची डबकी असतील तर चर काढून वाहती करा, नाहीतर बांबू आडवे बांधून तो भाग बंद करा.

विजेकडेही बघा. पाण्याच्या मोटरची वायर, ओला लोखंडी खांब, पत्र्याला टेकलेला बल्ब यांतून उतरणारा करंट बूट घातलेल्या माणसाला जाणवतही नाही, पण जनावर त्यानेच कोसळतं. बांधायला लाकडी खुंटा बरा. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला तर कधीच बांधू नका.

आता वेळ. २७-२८ जुलैच्या सुमारास मुंबईत दुपारी पाऊणच्या आसपास सूर्य बरोबर माथ्यावर येतो. भिंतीची सावली तेव्हा पायाशी गोळा होते, म्हणजे ‘भिंतीकडेला बांधलंय’ याला काही अर्थ उरत नाही. म्हशीची कातडी काळी, केस विरळ, घामाच्या ग्रंथीही गायीपेक्षा कमी, त्यामुळे ती लवकर तापते. पहिल्या दिवशी साडेसात ते नऊ एवढंच पुरे. दुसऱ्या दिवसापासून दहापर्यंत वाढवा, आणि संध्याकाळी हवं तर साडेचारनंतर पुन्हा सोडा. महिन्याच्या आतल्या रेडकाला अर्धा तास बास. ऑक्टोबरच्या उन्हात मोठ्या म्हशीही नऊला आत घ्या.

सकाळची धार काढली की लगेच सोडू नका. सडाचं तोंड मिटायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात म्हैस ओल्या शेणात बसली तर जंतू थेट कासेत जातात आणि दगडी, म्हणजे कासेची सूज होते. म्हणून धारेनंतर गव्हाणीत दीड-दोन किलो सुका पेंढा टाका. खायच्या नादात ती उभी राहते. शिवाय पोटात सुकं पडल्याने पुढे ओल्या, कोवळ्या गवतावर तुटून पडत नाही. उपाशीपोटी ओलं पॅरा गवत भरलं की डावी भकाळी ढोलासारखी फुगते. तशी फुगलीच तर पाणी-चारा बंद करा, पुढचे पाय चढावर येतील असं उभं करा आणि डॉक्टरांना बोलवा. घाईत तोंड वर ओढून तेल पाजू नका. ते फुप्फुसात गेलं तर फुगीपेक्षा महाग पडतं.

बाहेर नेताना खुरांचं काम उरका. आधी साध्या पाण्याने खुरांच्या बेचक्यातलं शेण काढा, कारण शेण मिसळलं की औषधाचा जोर जातो. मग मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, ५ टक्के: १० लिटर पाण्यात अर्धा किलो. टब प्लास्टिकचा घ्या, मोरचुदाने लोखंडी बादली झिजते. प्रत्येक पाय दोन-तीन मिनिटं बुडवा आणि कोरड्या जागी उभं करा. हे पाणी जनावराने पिता कामा नये. उरलेलं गवतावर किंवा नाल्यात ओतू नका. मेंढ्यांना तर तांबं फारच बाधतं. तुमच्या पायाला चीर असेल तर हे सगळं गमबूट घालूनच करा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) उंदरांच्या मुतातून येतो, तसा गुरांच्याही.

ऊन मानवलं की जनावर ते दाखवतं. म्हैस सूर्याला आडवी उभी राहते, कान सैल सोडते, पापण्या अर्ध्या मिटते आणि सावकाश रवंथ लावते. पाठीवरची ओल वाफ होऊन जाताना तिरप्या उन्हात दिसते. हीच खराऱ्याची वेळ. मान, शेपटीचं मूळ, कासेच्या वरची घडी इथे गोचीड आणि गजकर्णाचे गोल चट्टे बोटांनी चाचपा. गजकर्ण माणसालाही लागतं, हात साबणाने धुवा.

कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. विश्रांतीत मिनिटाला वीसच्या आसपास श्वास असतो. तो ४० च्या पुढे गेला, तोंड उघडलं, लाळ गळू लागली, तर सावलीत घ्या, प्यायला पाणी द्या आणि अंगावर पाणी मारा. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप १०४ फॅरनहाइटच्या वर दिसला तर वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

जनावरं बाहेर असताना गोठा रिकामा असतो, आणि खरी कमाई इथे आहे. ओलं अंथरूण उचला, नाली मोकळी करा, जमीन धुऊन सुकू द्या, मग चुन्याची फक्की मारा. ओल्या जमिनीवर मारलेली फक्की भाजते. पेंढ्याच्या गंजीत हात घाला. आत गरम किंवा कुबट लागलं, काळे-पांढरे डाग दिसले, तर तो भाग फेकून द्या. उन्हात पसरल्याने बुरशी वाळते, तिचं विष जात नाही. अशा भाताच्या पेंढ्याने म्हशींचे कान, शेपटीचं टोक आणि पाय सडतात. त्या रोगाला देगनाला म्हणतात.

शेळ्यांचं गणित वेगळं. त्यांना ऊन सकाळीच द्या, पण जमिनीवर नव्हे. जुनी लाकडी पॅलेट किंवा फळ्यांचा माच करून त्यावर सोडा, वर फणसाचा किंवा सुबाभळीचा पाला टांगा. चरायला मात्र गवत सुकल्यावर, दहानंतर. ओल्या पात्यावर जंतांच्या अळ्या वर चढून बसलेल्या असतात. उघडिपीनंतर पंधरा दिवसांत लेंड्या तपासून जंतनाशक द्या, वजन करून, अंदाजाने नाही. आणि आरेत दिवस मावळायच्या आत त्यांना कडी लावा. उघडीप आपल्याला असते तशी बिबट्यालाही असते.