हाताने माइंड मॅप काढताय? या चुका टाळा

माइंड मॅप म्हणजे मधे विषय आणि त्यातून फुटणाऱ्या फांद्यांवर शब्द. तो बिघडतो तो बहुतेक वेळा पहिली फांदी काढण्याआधीच. कागद चुकीचा निवडलेला असतो, मजकूर किती आहे याचा अंदाज घेतलेला नसतो आणि सुरुवात थेट स्केचपेनने होते.

कागद आणि पेन

झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७०-७५ जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. त्यावर स्केचपेन चालवलं की शाई पलीकडे उतरते आणि पाठची बाजू वाया जाते. १०० ते १२० जीएसएमचे सुटे कोरे कागद घ्या. एका धड्याला ए-४ पुरतो, पूर्ण घटकाला ए-३ लागतो. रेघांची वही नकोच. रेघा दिसल्या की हात ओळीत लिहू लागतो आणि मॅपच्या नोट्स होतात. परमनंट मार्कर जाड कागदातूनही उतरतो, तो दूर ठेवा.

जेलपेनच्या अक्षरांवर हायलायटर फिरवला की अक्षरं फासतात, कारण जेलपेनची शाई पाण्यावर आधारलेली असते. बॉलपेनची तेलकट शाई टिकते. जेलपेनच हवं असेल तर आधी हायलायटर मारा, पूर्ण सुकू द्या, मग त्यावर लिहा. बारा रंगांचा संच मोहात पाडतो, पण चार रंग भरपूर झाले. त्यातला लाल सुरुवातीला वापरूच नका, तो उजळणीसाठी राखून ठेवा.

उजवीकडे जागाच उरत नाही

सर्वांत जास्त मॅप इथे फसतात. उपाय पाच मिनिटांचा आहे: पाठकोऱ्या कागदावर आधी फक्त शब्द मोजा. ‘महाराष्ट्रातील नद्या’ हा विषय घ्या. गोदावरी, कृष्णा, तापी, कोकणातल्या नद्या अशा चार फांद्या सहज सुचतात. मग कृष्णेला कोयना, वारणा, पंचगंगा जोडून झाल्यावर भीमा येते आणि तिच्या घोड, नीरा, माण, सीना कुठे लिहायच्या हा प्रश्न पडतो. म्हणून भीमेला पहिल्यापासून कोपऱ्याकडे जाणारी स्वतंत्र मोठी फांदी द्या आणि ती कृष्णेला बाणाने जोडा. सांगाडा पेन्सिलीने, अक्षरं पेनने, रंग सर्वांत शेवटी.

फांदीवर एक-दोन शब्दच लिहा. ‘प्रवरा ही गोदावरीची उपनदी आहे’ असं पूर्ण वाक्य लिहिलंत तर मॅप काढण्याचा उपयोग नाही. गोदावरीच्या फांदीवर ‘प्रवरा’ पुरे.

गोंधळात टाकणारी नावं मात्र मुद्दाम जोडा. पूर्णा दोन आहेत: एक तापीला मिळते, दुसरी गोदावरीला. दोन्हींमध्ये तुटक रेघ काढा आणि रेघेवर ‘वेगळ्या!’ असं लिहा. परीक्षेत नेमकी हीच रेघ आठवते.

फाइल लावताना

ए-३ मधोमध दुमडून पंच केला तर उजवी कड फाइलच्या दोरीत अडकते आणि दर वेळी पान सोडवावं लागतं. डावीकडून २२.५ सेंमीवर घडी घाला. उजवी कड डाव्या कडेच्या ३ सेंमी अलीकडे थांबते आणि भोकं मोकळी राहतात. याच कारणाने मुख्य विषय कागदाच्या मध्यावर न लिहिता डावीकडून १६-१७ सेंमीवर लिहा, नाहीतर तो घडीजवळ येऊन लवकर पुसट होतो. ए-४ वरही डावीकडे अडीच सेंमी कोरी पट्टी सोडा.

काढल्याच्या तारखेनुसार मॅप लावू नका, आठवड्याभरात काही सापडत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘भू-३-२’ असा क्रमांक टाका: भूगोल, तिसरं प्रकरण, दुसरा मॅप. फाइलच्या पहिल्या पानावर या क्रमांकांची यादी ठेवा.

नुसता पाहत बसणं

सुंदर झालेला मॅप पुन्हा पुन्हा पाहिला की सगळं येतं असं वाटतं, आणि कोऱ्या कागदासमोर अर्ध्या फांद्या आठवत नाहीत. फाइल बंद करून पाठकोऱ्यावर तोच मॅप सात-आठ मिनिटांत एकाच पेनाने काढा, रंग नको. मग मूळ मॅप उघडा, सुटलेल्या शब्दांना लाल गोल करा आणि कोपऱ्यात तारीख टाका. पुढच्या वेळी फक्त लाल गोलांच्या फांद्या काढून पाहा. एकाच फांदीवर लाल गोल साचत असतील तर तिच्यात फार कोंबलंय. ती वेगळ्या ए-४ वर उतरवा आणि तिला पुढचा क्रमांक द्या.