घरच्या कासवाला काय घालावं: आधी हराळी, मग बाकी सगळं

धोंडू, म्हणजे आमचं कासव, सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी आला तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याआधी नात्यातल्या एका घरी तो काकडी, टोमॅटो, केळं आणि दुधात कुस्करलेली पोळी खाऊन वाढला. घालणाऱ्यांनी मायेनंच घातलं होतं. पण त्याची शी पातळ व्हायची, वरची चोच पोपटासारखी खाली वळली होती आणि पाठीवरचा एकेक चौकोन टेकडीसारखा वर आला होता. लहानपणी पाणी कमी, हवा कोरडी आणि खाणं चुकीचं असलं की असे उंचवटे येतात. एकदा आले की जन्मभर राहतात. आता मात्र त्याचं नव्यानं वाढणारं कवच सपाट येतंय, आणि त्यात मोठा वाटा वैरणीचा आहे.

आधी कासव कोणतं ते ओळखा

आपल्याकडे पाण्यातलं काय आणि जमिनीवरचं काय, दोन्हीला कासवच म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो. फिशटँकच्या दुकानात दिसणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव पाण्यातलं. ते मासे, किडे, पाणवनस्पती असं सगळं खातं आणि त्याचा आहार वेगळा. इथं मी लिहितेय ते गवताळ माळावरच्या कासवाबद्दल. धोंडू सुलकाटा जातीचा, मूळचा आफ्रिकेतला, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा. ही जात ४०-५० किलोपर्यंत वाढते आणि माणसाइतकं जगू शकते, त्यामुळे घरात आणण्याआधी अंगण मोजा.

आणि पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव कुणी देत असेल तर घेऊच नका. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, अशा समजुतीपायी ही कासवं पोत्यांत भरून विकली जातात. ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, घरात पाळणं गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कृष्णेतून किंवा विहिरीतून धरून आणलेल्या कासवालाही घरात जागा नाही. असं कासव सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सुलकाटासारखी परदेशी जात असेल, तर या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद करावी लागते. नोंदणीचा कागद जपून ठेवा.

त्याचं पोट समजून घ्या

गवत पचवायचं काम गाय पुढच्या पोटात करते, घोडा मागच्या आतड्यात. कासवाचं घोड्यासारखं आहे. मागच्या आतड्यातले जिवाणू चोथा हळूहळू कुजवून त्यातून पोषण काढतात. तिथं केळं, आंबा, द्राक्षं असली साखर गेली की तो कारखाना बिघडतो, गॅस होतो, शी पातळ होते. पोळी, भात, दूध, अंडं, कुत्र्याचं खाणं यातलं काहीही या जातीसाठी नाही. फळं चालणारी जंगलातली कासवंही असतात, पण सुलकाटा त्यातला नव्हे.

म्हणून ताटलीत ८०-९० टक्के गवत. उरलेल्या जागेत पाला आणि फुलं.

वैरण कुठून आणायची

सांगलीत राहून कासवासाठी मंडईत पैसे मोडायची गरज नाही. शेतकरी ज्या हराळीला कावलेला असतो, तीच हराळी कासवाचं उत्तम अन्न आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच. अंगणात एक वाफा हराळीचा लावून ठेवा, उपटली तरी परत येते. मारवेल, गिन्नी गवतही चालतं. मात्र गुरांची प्रत्येक वैरण कासवाला चालते असं समजू नका. कोवळं कडवळ, म्हणजे वैरणीची हिरवी ज्वारी, गाईलासुद्धा बाधतं हे इथं कुणालाही विचारा, ते कासवाला नकोच. लसूणघासात प्रथिनं जास्त असतात, म्हणून तो आठवड्यातून एखादी चिमूट.

उसाच्या वाड्याची, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याची, गोष्ट तर आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. वाडं जास्त घातलं की जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. पालक, राजगिरा, चुका, चाकवत या भाज्यांमध्येही तेच आहे. लोक हिरवं दिसतं म्हणून कासवाला रोज पालक घालतात आणि कवच मऊ का पडलं म्हणून विचारतात. कधीतरी एखादं पान गेलं तर काही होत नाही, रोज नको. कोबी-फ्लॉवरचा पालाही क्वचितच. अळू कधीच नाही.

रोजच्या पाल्यात मी जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, पाथरी आणि थोडा शेवगा ठेवते. पाथरी धोंडूला फार आवडते, बांधावर उगवलेली ती दुधाळ, कडसर भाजी. आपणही कच्ची खातो, ती.

फड्या निवडुंगाचं पान आठवड्यातून एकदा. जत, आटपाडीकडे किंवा माण-खटावच्या माळावर हे हवं तितकं मिळतं. त्यात पाणी आणि कॅल्शियम भरपूर असतं, पण मोठ्या काट्यांपेक्षा वाईट ती बारीक कुसळं, केसासारखी. मी पान चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर दोन्ही बाजूंनी फिरवते. कुसळं तडतडत जळतात, करपल्याचा वास येतो, पानावर चकाकी येते. मग पाण्याखाली जुन्या ब्रशनं घासायचं, उजेडात तिरकं धरून बघायचं आणि मगच चिरायचं. हे काम घाईत करू नका, एक कुसळ जिभेत रुतलं तर कासव खाणं सोडतं.

गवत आणताना बांध बघा

आपल्या जिल्ह्यात माझी सगळ्यात मोठी काळजी ही आहे. तासगाव, पलूस, मिरजेकडच्या द्राक्षबागांत फवारण्या सतत चालू असतात. बुरशीसाठी मारतात त्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद असो की कीडनाशक, वाऱ्यानं ते बांधावरच्या गवतावर येऊन बसतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय एक काडी आणू नका. बांधावरचं सगळं तण एकदमच पिवळं पडलेलं दिसलं तर तिथं तणनाशक मारलंय, तिथून परत फिरा. आणलेलं गवत दोन पाण्यांतून धुवायचं.

भाऱ्यात चुकून विषारी झाडं येतात, तीही निवडावी लागतात. कण्हेर, घाणेरी, धोतरा, रुई, सदाफुली आणि गाजरगवत. कासवाला सगळं कळतं, विषारी पाला ते सोडतं, असं मानून चालू नका. अंगणात कण्हेर असेल तर कासवाच्या वाटेवर तिची गळलेली पानं पडतात की नाही हे रोज बघा.

कसं आणि कधी घालावं

कासव अंगात स्वतःची ऊब तयार करत नाही. पोट गरम झाल्याशिवाय अन्न पचत नाही. सकाळी तासभर ऊन घेऊन झाल्यावरच खायला घाला, संध्याकाळी उशिरा नको. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर घातलं की पोटात माती जात नाही आणि चोचही थोडी घासली जाते. पिल्लाला जाड गवत तुटत नाही, त्याला कोवळा पाला जास्त आणि गवत अगदी बारीक कातरून मिसळायचं, रोज त्याच्या कवचाएवढा ढीग. मोठ्याला दिवसभर चरू द्या, गवतानं तो अति खाईल ही भीती नाही.

पाणी विसरू नका. घमेल्यात कोमट पाणी, हनुवटीपर्यंत, १५-२० मिनिटं. पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोनदा. पाण्यात बसलं की ते पितं आणि शी-लघवीही तिथंच करतं. लघवीबरोबर पांढरा पदार्थ येतो, तो दह्यासारखा मऊ असेल तर ठीक. बोटांत वाळूसारखा रवाळ लागला तर अंगात पाणी कमी पडतंय.

कॅल्शियम आणि ऊन

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतं, माखली या समुद्री जीवाच्या आतलं पांढरं हाड. त्याचा तुकडा कासवाजवळ ठेवून द्या, गरज लागेल तसं ते कुरतडतं. पिल्लाच्या पाल्यावर सुरीनं खरवडून चिमूटभर, आठवड्यातून दोनदा. गुरांना देतात म्हणून पानाचा चुना मात्र घालू नका, तोंड भाजतं. घातलेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि त्यासाठी सरळ ऊन हवं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, हवा तो किरण काचेतच अडतो. बाहेर सोडा, पण शेजारी सावली असू द्या, सांगलीच्या एप्रिलात तर नक्की.

जुनी सवय मोडताना

धोंडूनं पहिले चार दिवस गवताकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंचा जीव खाली-वर होत होता. “अगं, तोंडाला काय लावलं नाही बघ त्यानं. एक टोमॅटो दिला तर काय होतंय?” मी म्हटलं, “आई, एक दिला की तो उद्या परत त्याचीच वाट बघत बसेल.” पाचव्या दिवशी मी हराळी अगदी मेथी चिरतो तशी बारीक चिरली, जास्वंदीच्या फुलाचा कूट करून त्यात कालवला, वर पाण्याचा हबका मारला. लाल रंगाकडे तो मान लांब करून आला आणि फुलाबरोबर गवतही पोटात गेलं. मग दर आठवड्याला फूल कमी, गवत जास्त. सव्वा महिना लागला. पुढं नुसत्या वैरणीची पेंढी आईच स्वतः आणून टाकायला लागल्या.

मोठं, धडधाकट कासव चार-पाच दिवस उपाशी राहिलं तरी त्याला धोका नसतो. पिल्लाच्या बाबतीत इतकं थांबू नका. ऊब आणि पाणी असूनही आठवडाभर खाणं बंद, नाकातून फुगे, डोळे मिटलेले, कवच दाबल्यावर मऊ, यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्याकडे न्या. कासव तपासणारा डॉक्टर गरज पडायच्या आधीच विचारून ठेवा.

पावसाळा आणि थंडी

जूनच्या आधी हराळी सावलीत वाळवून गोणपाटात भरा. प्लास्टिकच्या पोत्यात बुरशी धरते आणि बुरशीचं गवत फेकूनच द्यायचं. वाळलेलं गवत दोन बोटं लांबीचं कातरून पाण्यात भिजवलं की कासव खातं. डिसेंबरात रात्री पारा १५ अंशांखाली यायला लागला की ही जात थंडीभराच्या लांब झोपेला जात नाही, नुसती गारठते. रात्री उबदार खोक्यात ठेवा. ढगाळ, गार दिवशी अंग तापलं नसेल तर त्या दिवशी खाणं घालू नका, कोमट पाण्यात बसवा आणि ऊन पडल्यावर पेंढी सोडा.