चुरा होणारा खडकच आधी उचला

पुण्यात भूशास्त्र शिकलं की डोळ्यांना बेसॉल्टचीच सवय लागते. काळे आडवे थर, फार तर पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे पांढरे स्फटिक. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी जोशीमठच्या अलीकडे हेलंगला उतरले, तेव्हा रस्त्याकडेचे पिळवटलेले खडक बघून मी हरखूनच गेले. हा मेन सेंट्रल थ्रस्टचा, म्हणजे हिमालयातल्या एका मोठ्या भ्रंशाचा, पट्टा. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी इथे खोल जमिनीखाली, तापलेल्या अवस्थेत, एक प्रचंड खडकराशी दुसरीवर सरकली.

वीसेक सॅम्पल घेऊन परतले. सगळी देखणी: फेल्डस्पार या खनिजाचे डोळ्यांसारखे दाणे असलेला टणक मायलोनाइट, म्हणजे सरकताना दाबून-ताणून निघालेला खडक. मधेमधे साबणासारखा गुळगुळीत, चकचकीत अभ्रकी सुभाजा (शिस्ट, पापुद्र्यांचा खडक) होता, पण हातोडी लागताच त्याचा चुरा व्हायचा, म्हणून सोडून दिला. माझ्या गाइड मॅडमनी सॅक उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, जो सगळ्यात जास्त सरकला तोच मागे ठेवून आलीस!"

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला एक सेमिस्टर लागलं. फेल्डस्पार हट्टी खनिज. साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली ते वाकण्यापेक्षा तुटणं पसंत करतं. पण भेगांतून आम्लधर्मी पाणी आत शिरलं की त्याचंच अभ्रक होतं, पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातं आणि सिलिका सुटी होते. अभ्रकाचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात. म्हणजे खडक तोच, पण पाणी प्यायलेली पट्टी मऊ. पुढची सगळी हालचाल मग त्याच पट्टीत एकवटते, तिथे नव्या वाटा होतात, आणखी पाणी येतं. शेजारचे फेल्डस्पारचे डोळे शाबूत राहतात ते यामुळेच. सुटी झालेली सिलिका कुठे गेली हे शोधायचं तर आसपासच्या क्वार्ट्‌झच्या (स्फटिकरूप सिलिकेच्या) शिरा बघा. नुसते फोटो काढून सोडू नका. शीर फोलिएशनला (खडकातल्या पापुद्र्यांच्या पातळीला) छेदते की तिच्याबरोबर दुमडली आहे, हे जागेवरच वहीत लिहा. पाणी खडक सरकण्याच्या आधी आलं, सरकताना आलं की नंतर, याचं उत्तर तिथेच असतं.

पाण्याच्या दाबाचा मुद्दा पुस्तकात नीट मिळतो: भेगांतलं पाणी वरच्या वजनाचा काही भार स्वतः पेलतं आणि घर्षण कमी होतं. हबर्ट आणि रूबी यांनी १९५९ मध्ये मोठ्या थ्रस्टचं कोडं (एवढी मोठी खडकराशी सरकते कशी?) याच कल्पनेने सोडवायचा प्रयत्न केला. क्वार्ट्‌झची गोष्ट जास्त गमतीची. ग्रिग्ज आणि ब्लॅसिक यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की स्फटिकात अगदी किंचित पाणी असलं तरी क्वार्ट्‌झ कितीतरी मऊ होतं. हे पाणी इन्फ्रारेडने मोजतात. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची नेहमीची ०.०३ मिमी जाडीच्या कापाची स्लाइड चालत नाही. दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला जाड काप लागतो आणि काप चिकटवायला वापरलेला डिंक पूर्ण धुवावा लागतो. मी पहिल्यांदा मोजलं ते पाणी नव्हे, बहुधा माझा डिंकच, म्हणजे इपॉक्सी, होता.

अजून एक फसगत. तपोवनचे गरम झरे बघून मला वाटलं, हेच ते पाणी! नाही. ते मुख्यतः आजचं पाऊस-बर्फाचं पाणी, खोल जाऊन तापून वर आलेलं. जुनं पाणी क्वार्ट्‌झमधल्या सूक्ष्म थेंबांत आणि अभ्रकाच्या घडणीत अडकलेलं असतं. दोहोंमधला फरक ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) करतात.

शक्य असेल तर हिमालयाआधी भंडाऱ्याकडचे साकोलीचे जुने खडक बघून या. खर्च कमी, आणि चुका घराजवळ होतात.

दुसऱ्या खेपेला मी सॅम्पल तोडण्याआधीच त्यावर दिशा आणि उताराची खूण केली, सुभाज्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली, मग वर्तमानपत्र, मग सुतळी. स्लाइड करणाऱ्या काकांनी ते गाठोडं बघितलं, आधी इपॉक्सीत बुडवून दोन दिवस वाळवलं आणि लिनिएशनला (खडक ताणला गेल्याच्या रेषांना) समांतर, फोलिएशनला काटकोनात कापलं. "हे काय, माती आणलीस का?" एवढंच विचारलं त्यांनी.